बिनतारी निरोपाची परंपरा आणि आपण

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव हे चौरस्त्याचे गाव होय. बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन मार्ग येथे एकमेकांस छेदतात. सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले आहे. उत्तरेस माजलगावच्या धरणापर्यंत काळ्या मातीचा सखल मुलूख पसरलेला आहे. दक्षिणेस बालाघाटाची रांग उभी आहे आणि घाट चढून गेल्यावर धारूर व तेथील जुना किल्ला लागतो. नकाशावर तेलगाव आणि धारूर ही शेजारची गावे आहेत. मात्र मध्ये डोंगर आहे, आणि बिनतारी निरोपाच्या दृष्टीने या डोंगराचे महत्त्व फार मोठे आहे. येथे हातातील लहान बिनतारी संच घेऊन कोणी धारूरच्या माणसाशी बोलू पाहील, तर दोघांमध्ये अंतर थोडे असूनही शब्द पोहोचणे कठीण. हाच संदेश डोंगरमाथ्यावरील मनोऱ्यामार्फत पाठविला, तर तो दोन्ही बाजूंस सारखाच ऐकू येतो.

डोंगरावरील अशा मनोऱ्याला आणि त्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या यंत्राला मिळून ‘रिपीटर’ म्हणतात. एखाद्या भागातील सामान्य माणसांनी एकत्र येऊन असा रिपीटर उभारण्याची कल्पना आपल्याकडे नवी वाटते. वास्तविक तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूंचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्या कुटुंबांत फारसे सांगितले जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

धर्मगुरूंची प्रयोगशाळा

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशातूनच निघतो. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर युजीन लाफों हे येशूसंघीय धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत असत. त्यांच्या वर्गातून जगदीशचंद्र बोस यांच्यासारखा विद्यार्थी बाहेर पडला. पुढे 1895 च्या सुमारास बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. तारेवाचून खूण पाठविता येते, हे भारतीय भूमीवर लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

त्याच सुमारास ब्राझीलमध्ये फादर रोबेर्तो लांदेल दे मौरा हे धर्मग्रामाची कामे सांभाळून बिनतारी यंत्रांचे प्रयोग करीत होते. 3 जून 1900 रोजी त्यांनी साओ पाउलो शहरात माणसाचा आवाज सुमारे आठ किलोमीटर अंतरावर तारेवाचून पोहोचविला. मार्कोनी यांचे यश तोवर ठिपक्या-रेघांच्या सांकेतिक भाषेपुरते होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाची थोरवी कळते. लांदेल यांना 1901 मध्ये ब्राझीलचे आणि 1904 मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. मात्र त्यांच्या देशबांधवांना त्यांचे महत्त्व वेळेवर उमगले नाही. यंत्रातून बोलणारा धर्मगुरू सैतानाशी संधान बांधून आहे, अशी शंका घेणारेही निघाले. नव्या साधनाविषयीचे भय भक्तीचे रूप घेऊन कसे पुढे येते, याचे हे उदाहरण आजही विचार करण्याजोगे आहे.

तिसरे नाव फादर योझेफ मुर्गाश यांचे. ते मूळचे स्लोव्हाकियाचे. 1896 मध्ये ते अमेरिकेत गेले आणि पेन्सिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी येथे कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या स्लोव्हाक स्थलांतरितांच्या धर्मग्रामाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. ते उत्तम चित्रकारही होते. ठिपका आणि रेघ यांसाठी निरनिराळे स्वर वापरण्याची त्यांची पद्धत होती व तिचे पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळाले. नोव्हेंबर 1905 मध्ये त्यांनी विल्क्स-बॅरीहून सुमारे वीस मैलांवरील स्क्रँटन शहरात बिनतारी संदेश पाठवून दाखविला. त्यासाठी उंच खांब उभारावे लागले होते. घरदार सोडून पोटासाठी परमुलुखात गेलेल्या मजुरांच्या मेंढपाळाला दूरच्या माणसाशी संपर्काचे मोल कळले, यात नवल नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे गावाबाहेर पडतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना निरोपाची वाट पाहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढे 12 फेब्रुवारी 1931 रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन पोप अकरावे पायस यांनी केले. हे सर्वांस ठाऊक असते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1933 मध्ये, मार्कोनी यांनी व्हॅटिकन आणि पोप महोदयांचे उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये अतिलघु लहरींवर चालणारा दुतर्फा दूरध्वनी जोडून दिला. हे मात्र थोड्यांना माहीत असते. आपल्या विषयाशी जवळचे नाते आहे ते या दुसऱ्या घटनेचे. नभोवाणीत एक बोलतो आणि अनेक ऐकतात. दुतर्फा संचात ऐकणाऱ्यालाही उत्तर देता येते.

संत माक्सिमिलियन कोल्बे यांनीही पोलंडमधील आपल्या मठनगरीत बिनतारी केंद्र उभारले. डिसेंबर 1938 मध्ये ते सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि 14 ऑगस्ट 1941 रोजी आउश्विट्झच्या छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याऐवजी त्यांनी मरण पत्करले. त्यांच्या केंद्राची ‘एसपी3आरएन’ ही खूण स्मरून जगभरचे हौशी बिनतारी संदेशक त्यांना आपला आश्रयदाता मानतात. आणि 12 जानेवारी 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी देवदूत गाब्रिएल यांना दूरसंदेशवहनाचे आश्रयदाते घोषित केले. नाझरेथच्या कुमारीपर्यंत निरोप घेऊन येणारा देवदूत! निवड किती समर्पक आहे, हे सांगावयास नको.

आपल्या देशातील हौशी मंडळी

भारतात हौशी बिनतारी संदेशवहनाचा आरंभ 1921 मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांच्यापासून मानला जातो. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द करून संच जमा करण्याचे फर्मान काढले. तरीही 1942 च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचे यंत्र तयार करणारे नरिमन प्रिंटर हे याच हौशी मंडळींपैकी होते. ऑगस्टपासून नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी धाड घालीपर्यंत जागा बदलत बदलत हे केंद्र चालू राहिले.

गोव्याच्या मुक्तिलढ्याचीही अशीच कथा आहे. नोव्हेंबर 1955 पासून डिसेंबर 1961 पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरील जंगलात राहून कोकणी व पोर्तुगीज भाषांत स्वातंत्र्याचा आवाज प्रक्षेपित केला. आरंभी हे केंद्र आंबोलीच्या रानात होते, नंतर कॅसलरॉकच्या परिसरात. लिबियाबाई आपल्याच श्रद्धेच्या घरातल्या. शहरातील सुखाचे जीवन सोडून रानात जवळजवळ सहा वर्षे काढणाऱ्या या स्त्रीला 2025 मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. आपल्या मुलींना तिचे नाव ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

किल्लारीची पहाट

मराठवाड्यात बिनतारी संचाची खरी ओळख झाली ती दुःखाच्या प्रसंगी. 29 सप्टेंबर 1993 हा मिखाएल, गाब्रिएल व राफाएल या महादूतांच्या सणाचा दिवस. गावोगाव त्या रात्री गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपी गेली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांची भूमी हादरली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, अशा घरांनी झोपलेल्या माणसांनाच गाडून टाकले. 52 गावे उद्ध्वस्त झाली. शासकीय गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. इतर अंदाज त्याहून मोठे आहेत.

किल्लारी तेलगावपासून सरळ रेषेत शंभरावर किलोमीटर दूर आहे. आज हे अंतर फोनवर क्षणात ओलांडता येते. तेव्हा भारतात मोबाईल सेवा नव्हती. ती 1995 मध्ये आली. अनेक खेड्यांत साधा दूरध्वनीही नव्हता. कोणत्या गावी किती जखमी आहेत, कोठे औषध हवे, कोठे कफन हवे, हे कळविण्यासाठी माणूसच धाडावा लागे. अशा वेळी बाहेरून आलेल्या हौशी बिनतारी संदेशकांनी आपले संच भूकंपग्रस्त भागात उभे करून निरोपांची ने-आण केली. मदतीचे सामान पुष्कळ येत होते. ते नेमके कोठे जावे, हे सांगणारा निरोप त्याच्याइतकाच मोलाचा होता.

त्यानंतर 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात हौशी संदेशक पुन्हा धावून गेले. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा भारती प्रसाद या हौशी संदेशिका आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअर येथेच होत्या. एरवी जगभरच्या हौशी मंडळींशी संभाषण करण्यासाठी आणलेले त्यांचे संच त्या दिवसापासून हरवलेल्या आप्तांचा शोध घेण्याच्या कामी लागले. आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईसारख्या महानगरातही मोबाईलची यंत्रणा कोलमडून पडली. संपर्काची सोय भरपूर असूनही माणूस एकाकी पडू शकतो, हे त्या रात्री लक्षावधी कुटुंबांनी अनुभवले.

मनोऱ्याचे गणित

हा मनोरा काय करतो, हे थोडक्यात समजून घेऊ. हातातील संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसाच्या उंचीवरून निघालेली लहर सुमारे पाच किलोमीटरवर क्षितिजाला टेकते. म्हणजे सपाट माळावरही दोन माणसे फार तर दहा किलोमीटरपर्यंत बोलू शकतात. मध्ये डोंगर असेल तर तेवढेही नाही. तीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज मात्र बावीस किलोमीटरांहून दूर असते. तो डोंगरमाथ्यावर असेल तर त्याची नजर आणखी लांब जाते. मनोऱ्यावरील रिपीटर एका कंपनसंख्येवर ऐकतो आणि त्याच क्षणी थोड्या वेगळ्या कंपनसंख्येवर तेच शब्द अधिक जोराने पुन्हा बोलतो. भारतातील हौशी मंडळींच्या दोन मीटर पट्ट्यात या दोहोंमधील अंतर साधारणतः 600 किलोहर्ट्झ ठेवतात. स्वतःच्याच आवाजाने रिपीटरचे कान बधिर होऊ नयेत, म्हणून मध्ये धातूच्या नळकांड्यांचे गाळणयंत्र बसवितात.

उभारणीचे खरे कष्ट मातीशी निगडित आहेत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. ताणाच्या तारा तिन्ही बाजूंनी सारख्या ओढल्या पाहिजेत. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडतात. तेव्हा वीजरोधक सळई, कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा आणि त्यात वेळोवेळी पाणी, यांत हयगय चालत नाही. वीज गेली तरी यंत्र चालावे म्हणून बॅटरी हवी. आता सौर पट्ट्यांमुळे ती सोय सुलभ झाली आहे.

कायद्याची बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घेतल्याशिवाय कोणालाही संच वापरता येत नाही. मनोरा आणि रिपीटर यांनाही संबंधित खात्याची संमती लागते. हौशी लहरींवरून व्यापार करता येत नाही आणि गाणी किंवा प्रवचनेही प्रसारित करता येत नाहीत. त्यासाठी सामुदायिक नभोवाणीची वेगळी वाट 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना खुली केली आहे. या साऱ्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा 9 फेब्रुवारी 1995 चा निकाल उभा आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट केले की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे.

आपली जबाबदारी

मनोरा उभारणे हे उत्साहाचे काम आहे. देणगी मिळते, फित कापली जाते, छायाचित्रे निघतात. तो दहा वर्षे चालता ठेवणे हे निष्ठेचे काम आहे. गंजलेला नट कोण बदलील? बॅटरी कोण तपासील? दर आठवड्याला ठरल्या वेळी संचावर येऊन ‘सर्व ठीक आहे ना?’ असे कोण विचारील? किल्लारीत मदतीला आलेल्यांचा उपयोग झाला, कारण त्यांनी भूकंपापूर्वीच वर्षानुवर्षे सराव केला होता. संकटाच्या दिवशी संच विकत आणून कोणी संदेशक होत नाही.

आपल्या धर्मग्रामांतून तरुणांचे संघ आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत. परवान्याची परीक्षा बारा वर्षांवरील मुलांनाही देता येते. दहावीच्या निकालाइतकेच कौतुक आपण अशा एखाद्या परवान्याचे केले, तर प्रत्येक तालुक्यात दोन-चार जाणते संदेशक तयार होण्यास फार काळ लागणार नाही. त्यात जातपात, पंथ यांचा प्रश्न येत नाही. रिपीटर बोलणाऱ्याचा धर्म विचारीत नाही. आलेला शब्द न बदलता, न गाळता पुढे देतो. नाझरेथला आलेल्या देवदूतानेही स्वतःचे असे काही सांगितले नाही, ज्याने धाडले त्याचाच निरोप दिला. लांदेल, मुर्गाश आणि कोल्बे या धर्मगुरूंनी जे काम हाती घेतले, ते बालाघाटाच्या माथ्यावर पुढे नेण्यास आपली मुले समर्थ आहेत. प्रश्न उरतो तो आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचा.