कमरेएवढ्या चाफ्याची वंशावळ

रत्नागिरीत नाचणे रोडच्या बाजूला किंवा कुवारबावच्या नव्या कॉलन्यांमधून सकाळी फेरी मारली, की एक दृश्य हटकून दिसतं. फाटकापाशी, जिन्याखाली नाहीतर गच्चीच्या कठड्याला टेकून एक निळं पिंप, अर्धं कापलेलं. त्यात जांभी माती, आणि तिच्यातून जेमतेम कमरेएवढं वर आलेलं सोनचाफ्याचं झाड. उंची एवढीशी, पण पानांच्या बेचक्यात कळ्या धरलेल्या. घरातलं कुणीतरी पूजेआधी येऊन वाकून फुलं काढतं. जुन्या माणसाला हे वाकणंच चमत्कारिक वाटेल. चाफा हे मान वर करून बघायचं झाड. त्याची फुलं काढायला लांब काठीला आकडी बांधायची, नाहीतर घरातल्या हलक्या पोराला वर चढवायचं, आणि खाली बायकांनी पदर पसरून उभं राहायचं.

एवढं मोठं झाड पिंपात कसं मावलं, त्याची ही हकिकत. ती चाफ्यापेक्षा आंब्याचीच जास्त आहे.

सोनचाफा मूळचा आपलाच, सह्याद्रीच्या सदाहरित रानातला आणि ईशान्येकडच्या डोंगरांतला. रानात वाढू दिला तर शंभर फुटांच्या घरात जातो. फळांचे घोस उकलले की आतून लाल गराच्या बिया दिसतात आणि पाखरं त्यांवर तुटून पडतात. या बिया तेलकट असतात, फार दिवस टिकत नाहीत. काढल्या की लगेच गर धुऊन पेराव्या लागतात. डब्यात जपून ठेवल्या तर पुढच्या पावसात उगवायच्या नाहीत. उगवलं तरी पहिलं फूल दिसायला आठ-दहा वर्षं सहज जातात. म्हणजे लावणाऱ्याला धीर हवा, जागा हवी, आणि झाड वाढून घराच्या कौलांवर आलं तर चालेल अशी तयारी हवी. हे सगळं देवळाकडे असतं. म्हणून चाफा देवळाच्या आवारात राहिला, फार तर एखाद्या मोठ्या वाड्याच्या मागच्या अंगाला. माड-पोफळीच्या आगरात त्याला कुणी सुखासुखी जागा दिली नाही. तिथली प्रत्येक हातभर जमीन आधीच कशा ना कशासाठी राखून ठेवलेली असे.

मग घराच्या परसवात वास कुणाचा होता? इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. कोकणातल्या परसवातली सुवासिक झाडं एकेक करून मोजली, की त्यांच्यात एक समान धागा सापडतो. तो त्यांच्या मुळगावाचा नाही, ती कशी लागतात याचा आहे. मोगऱ्याची फांदी मातीत दाबून ठेवली की तिला मुळं फुटतात. अनंताचं छाट पावसाच्या तोंडाला खोचलं की पुष्कळदा जगतं. रातराणीला तर काठी टेकवण्याचाच अवकाश. निशिगंधाचा कंद, सोनटक्क्याचा गड्डा, कुंदाची फुटवी. ही सगळी झाडं पदराआडून नेता येतात. लेक माहेराहून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून नेते, शेजारीण मागते, आणि न मागता नेलेलं रोप जास्त चांगलं लागतं असंही लोक म्हणतात. परसवातल्या फुलांचा इतिहास म्हणजे असा फांद्यांच्या देवाणघेवाणीचा इतिहास आहे. जे झाड फांदीने लागतं ते घरोघर गेलं. जे लागत नाही ते देवळात राहिलं.

आता यातली किती फुलं गावठी? निशिगंध मेक्सिकोचा. रातराणी कॅरिबियन बेटांची. अनंत चीनचा. सोनटक्का पूर्व हिमालयाच्या पायथ्याचा, आणि तो इथून उलटा एवढा दूर गेला की क्यूबाने त्याला आपलं राष्ट्रीय फूल केलं. देवळाच्या पायरीशी असतो तो खुरचाफा, ज्याला आपण देवचाफाही म्हणतो आणि ज्याच्या नुसत्या दर्शनाने कोकणातलं देऊळ डोळ्यांपुढे उभं राहतं, तो मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे भटकलेला फ्रेंच पाद्री शार्ल प्लुमिए याचं नाव शास्त्रात त्याला चिकटलं आहे. सोनचाफ्याशी त्याचं काडीचं नातं नाही. तो कण्हेरीच्या घराण्यातला. पान तोडलं की पांढरा चीक येतो तो त्यामुळेच. त्याच्या फुलात मधही नसतो. रात्री नुसत्या वासाच्या भरवशावर तो पतंगांना बोलावतो आणि रिकाम्या तोंडाने परत पाठवतो. असा हा परका आणि वर लबाड, पण त्याची तुटकी फांदी आठवडाभर सावलीत सुकवून कातळावरच्या वीतभर मातीत रोवली तरी जगते. रत्नागिरीच्या कातळाला आणखी काय हवं? बोटीने आलेलं झाड देवाचं झालं आणि रानातला सोनचाफा त्याच्या बाजूला बी रुजायची वाट बघत राहिला.

या फुलांची पहिली छापील टिपणं आपल्याच किनाऱ्यावर झाली, हेही सांगायला हवं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या पारिजातकावर एक अख्खं प्रकरण आहे, सूर्यावर भाळलेल्या राजकन्येच्या कथेसकट. पुढे कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ त्याचं नाव, 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेला. पहिल्याच खंडात चाफा आहे, ‘चंपकम्’ या नावाने. या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि त्यांनी 1675 मध्ये आपल्या सहीनिशी दिलेली कोकणीतली साक्ष त्या ग्रंथात देवनागरीत छापलेली आहे. ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात देवनागरी! लिनेयसने 1753 मध्ये चाफ्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला ‘मिचेलिया’ म्हटलं. आता तो मॅग्नोलियात धरतात, म्हणजे कवठी चाफ्याचा सख्खा भाऊ. हे घराणं मधमाश्यांच्याही आधीचं आहे. संस्कृत कवींचा एक ठरलेला संकेत होता की चाफ्याकडे भुंगा फिरकत नाही. कवींनी त्यावर मानापमानाचे बरेच अर्थ लादले, पण निरीक्षण चुकीचं नव्हतं. या घराण्यातली फुलं मुळात भुंगेऱ्यांसाठी घडली आहेत. त्यांना भुंग्याची गरजच नाही.

एवढी नावं लागली तरी फांदी खोचून चाफा जगत नाही तो नाहीच. गुटी बांधली तरी तो सहजासहजी दाद देत नाही. तो घरात यायला आंब्याचा रस्ता पकडावा लागला.

आंब्यावर कलम करण्याची रीत सोळाव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगीज पाद्र्यांनी रुळवली, आणि अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा आंबा उत्तरेकडे सरकत रत्नागिरीचा हापूस झाला. तेव्हापासून कालपरवापर्यंत चालायचं ते भेट कलम. आंब्याच्या मोठ्या झाडाला मचाण बांधायची, कुंडीतलं रायवळ रोप त्यावर चढवायचं, दोघांची साल तासून फांदी आणि रोप एकमेकांना बांधायचं, आणि दोन-तीन महिने त्या कुंडीला वर पाणी घालत बसायचं. जीव लागला की आईपासून तोडायचं. कष्टाचं काम, आणि एका झाडावर कुंड्या मावणार त्या किती! म्हणून कलम महाग होतं आणि कलमं करणारे हात मोजके होते.

हा हिशेब बदलला तो कोय कलमाने. 1972 मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि तिथल्या लोकांनी हे तंत्र कोकणच्या हवेला बसवून गावोगाव नेलं. यात रोप झाडाकडे न्यावं लागत नाही, झाडाची काडी रोपाकडे येते. पावसाळ्यात कोयीतून तांबूस कोंब वर आला, की त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर पाडायची, तेवढ्याच जाडीची हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च आवळायचं. सरावलेला माणूस दिवसाला शेकड्यांनी कलमं बांधतो. त्यात 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. कलमांना एकदम मागणी आली आणि हातखंबा, पाली, लांजा या पट्ट्यात रोपवाटिकांच्या हिरव्या जाळ्या दिसू लागल्या. माझ्या मते चाफ्याच्या गोष्टीतलं खरं वळण हेच. चाकू चालवणारी, काडी निवडणारी, पट्टी आवळणारी एक अख्खी पिढी तयार झाली. आंब्याचा हंगाम संपला की तोच चाकू काजूला लागला, फणसाला, जायफळाला, आणि मग चाफ्याला.

चाफ्याचं कलम बांधताना बघण्यासारखं असतं. खुंट म्हणून गावठी चाफ्याचं बियांपासून केलेलं रोप, पेन्सिलीएवढं जाड. काडी मात्र भरपूर फुलणाऱ्या झाडाची, पानं उतरवलेली, टोकाचा डोळा फुगलेला पण उघडलेला नाही. बांधणारा माणूस पाचर तासताना चाकू दोनदा फिरवत नाही, एकाच ओढीत उतरवतो. खडबडीत झाली तर काडी टाकून देतो. सांधा आवळला की वरून पेप्सीकोल्याची लांबट रिकामी पिशवी टोपीसारखी चढवतात, आत दमटपणा राहावा म्हणून. डोळा उमलून पिशवीला टेकला की ती काढायची. काडी आलेली असते फुलत्या, वयात आलेल्या झाडावरून. तिला आपण नव्या रोपावर आहोत हे ठाऊक नसतं. म्हणून बियांच्या झाडाला लागणारी आठ-दहा वर्षं ती घेत नाही, वर्षा-दीड वर्षात कळ्या धरते. सिंधुदुर्गातून पसरलेला ‘वेलणकर चाफा’ तर या बाबतीत नावाजलेला. ठेंगणा राहतो आणि बाराही महिने थोडंफार फूल देतो. आज रोपवाटिकेत नुसता ‘चाफा द्या’ म्हटलं तरी बहुतेकदा तोच हातात पडतो.

एकदा झाड हाताशी आलं की त्याचा धंदाही झाला. वसईच्या वाड्यांत चाफ्याच्या रांगा उभ्या राहिल्या आणि तिथली फुलं पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जाऊ लागली. रत्नागिरीत तो अजून बराचसा घरगुती आहे. दारचा, देव्हाऱ्याचा, शेजारी चार फुलं पोचवायचा. ते मला बरंच वाटतं.

पिंपातल्या चाफ्याचं दुखणं मात्र वेगळं. रत्नागिरीचा पाऊस कोसळताना पिंपाला खाली भोकं नसली, तर मुळं आठवड्यात कुजतात. चाफ्याला पाणी हवं, पण तुंबलेलं नको. दुसरी गोष्ट सांध्याची. त्याच्या खालून येणारी फूट दिसली की लगेच खुडायची. दया दाखवली तर गावठी खुंट वरच्या कलमाला उपाशी मारतो, आणि तीन वर्षांनी माणूस ‘फसवलं नर्सरीवाल्याने’ म्हणत बसतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारायची घाई करू नये. टेल्ड जे नावाचं हिरव्या ठिपक्यांचं चपळ फुलपाखरू चाफ्यावर अंडी घालतं, दोन-चार पानं जातील एवढंच. मुंग्यांची रांग दिसली तर मात्र फांदी उलटून बघावी. खाली खवले कीड बसलेली असते. आणि फळं धरू देऊ नयेत. घोस लागला की झाडाचा जोर बियांत जातो, फुलं कमी होतात.

हा कलमांचा रस्ता सगळ्यांना मिळालेला नाही. कोकणची खरी लाडकी सुरंगी अजून त्याच्या बाहेरच आहे. वेंगुर्ल्याकडच्या आरवली-शिरोड्यात मार्च-एप्रिलमध्ये जुन्या फांद्यांना लगडणाऱ्या तिच्या कळ्या पहाटे उमलायच्या आत काढतात, आणि तिचे गजरे कोकणी माणूस मुंबईतही शोधत फिरतो. पण ती वाढते सावकाश, आणि बियांपासून लावलेल्या झाडांत काही नुसती नर निघतात. एवढी वर्षं थांबून हाती काय येईल याचा नेम नाही, म्हणून दारात सुरंगी लावणारा विरळाच.

चाफ्यापुरती आता एक नवी अडचण येऊन ठेपली आहे. कलम कितीही केलं तरी खुंट बियांचाच लागतो. पिंपातल्या झाडांची फळं आपण फुलांसाठी खुडून टाकतो, मग बी येणार कुठून? ते अजूनही देवळामागच्या, रानातल्या त्या शंभर फुटी झाडांखालीच मिळतं, पाखरांनी खाऊन उरलेलं. त्यातली बरीच झाडं रस्तेरुंदीत आणि जीर्णोद्धारांत गेली. जाणते रोपवाटिकावाले आजही अशी झाडं मनात टिपून ठेवतात, फळं उकलायच्या सुमारास पुजाऱ्याला किंवा राखणदाराला आधी सांगून ठेवतात, आणि बिया ओल्या असतानाच आणून पेरतात.