फितीचा घेर आणि छातीची खोली

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीचे मूळ १९०६ साली पुण्याजवळच्या भांबुर्ड्यात निघालेल्या पोलीस प्रशिक्षण शाळेत असून ही शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली. तेथे दाखल होणाऱ्या फौजदाराला त्याआधी शारीरिक मोजणीला उभे राहावे लागते आणि पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंमी, फुगवल्यावर आणखी ५ सेंमी भरावी लागते. छातीच्या घेरावरून दम जोखण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकातील सैन्यभरतीत रुळली. मात्र १८४६ मध्येच इंग्लंडच्या जॉन हचिन्सन यांनी लंडनच्या पोलिसांसह दोन हजारांवर माणसे श्वासमापक यंत्रावर तपासून, एका दमात बाहेर टाकता येणारी हवा उंचीनुसार वाढते, घेरानुसार नव्हे, असे दाखवले होते. तरीही टिकली ती फीतच, कारण ती स्वस्त होती आणि मैदानात कोणालाही धरता येत होती.

उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधोमध असलेले उभे हाड, आत दबलेले असेल तर फितीचा हा उणेपणा विशेष जाणवतो, कारण फीत त्या खळग्यावरून ताणून पलीकडे जाते आणि आकडा बिनचूक भरतो. या व्यंगाचे वर्णन युरोपात १५९४ पासून सापडते. पुढे बूट शिवताना लाकडी साचा छातीला टेकवल्याने ते होते, असाही समज पसरला. वस्तुतः बरगड्या आणि उरोस्थी यांना जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढल्याने हाड आत ओढले जाते. ते मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळते आणि वयात येताना, म्हणजे भरतीच्या उंबरठ्यावर, खोल होते. सौम्य खळगा निरुपद्रवी असतो; तीव्र असल्यास हृदय डावीकडे सरकते, त्याचा उजवा कप्पा दबतो आणि बसल्या जागी ठणठणीत वाटणाऱ्या तरुणाला धावताना धाप लागते.

ही खोली मोजण्याचे माप १९८७ मध्ये हॅलर यांनी दिले: सीटी स्कॅनवर छातीच्या आतील रुंदीला उरोस्थी आणि मणका यांमधील अंतराने भागायचे. निरोगी छातीत उत्तर अडीचच्या आसपास येते, तर सव्वातीनच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. कूर्चा न कापता उरोस्थीखाली वाकवलेली धातूची पट्टी सरकवण्याची डोनाल्ड नस यांची पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पट्टी साधारण तीन वर्षांनी काढतात.