स्केअरगार्डचे सोने : एका लेशमूलद्रव्याचा शोधेतिहास

अग्निजन्य खडकांतील मौल्यवान धातूंचा इतिहास बहुधा खाणींच्या अनुषंगाने लिहिला जातो. पूर्व ग्रीनलंडमधील स्केअरगार्ड अंतर्वेशनाचा इतिहास यास अपवाद होय. तेथे प्रथम शास्त्रीय जिज्ञासा आली. धातूचा साठा मागाहून सापडला.

१९३० साली ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेबरोबर गेलेल्या एल. आर. वेजर यांना कांगेर्लुस्सुआक फियोर्डच्या मुखाशी हे अंतर्वेशन आढळले. १९३५-३६ मध्ये तेथे हिवाळा काढून वेजर व डब्ल्यू. ए. डिअर यांनी त्याचे सर्वेक्षण केले. बेसाल्टी शिलारस भूकवचात शिरून सावकाश थिजत गेला, आणि स्फटिक क्रमाक्रमाने वेगळे होऊन थरांवर थर साचले, असे त्यांनी १९३९ च्या ग्रंथात प्रतिपादिले. अंतर्वेशन म्हणजे जणू निसर्गाने मांडलेला एक प्रयोगच ठरला.

या प्रयोगात अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये कोठे जातात, हा पुढचा प्रश्न. वेजर व आर. एल. मिचेल यांनी १९५१ साली अनेक लेशमूलद्रव्यांची वाटणी प्रसिद्ध केली. सोन्यासाठी मात्र अधिक सूक्ष्म साधन हवे होते. ते न्यूट्रॉन सक्रियणाने पुरविले. अणुभट्टीत ठेवलेल्या नमुन्यातील सोने किरणोत्सर्गी बनते. त्याचा अर्धायुःकाल सुमारे २.७ दिवस असल्याने ते विलग करून मोजता येते. ई. ए. व्हिन्सेंट व जे. एच. क्रॉकेट यांनी १९६० साली या रीतीने खडकांतील व पृथक् खनिजांतील सोने मोजले. प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम, एवढेच भरले. खाणीच्या दृष्टीने ही संख्या नगण्यच म्हणावयाची.

तथापि १९८७ साली पूर्वेक्षकांना त्याच अंतर्वेशनाच्या मधल्या भागात पॅलॅडियम व सोने यांचा पट्टा आढळला. त्यास 'प्लॅटिनोव्हा रीफ' म्हणतात. दुरूनही ओळखू येणाऱ्या फिकट थरांच्या समूहातच तो आहे.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. सोने व पॅलॅडियम यांना प्लॅजिओक्लेज वा पायरोक्सिन यांच्या स्फटिकरचनेत फारसे स्थान मिळत नाही. म्हणून स्फटिकीभवन होत असता ते उरलेल्या द्रवात साठत जातात. पुढे त्या द्रवातून सल्फाइडाचे थेंब विलग झाले की हे धातू त्यांत ओढले जातात. टनामागचे मिलिग्रॅम अशा रीतीने एका अरुंद पट्ट्यात एकवटतात. तेथील पॅलॅडियमयुक्त कण इतके बारीक आहेत की, पॅलॅडियम व तांबे यांचे मुख्य खनिज 'स्केअरगार्डाइट' या नावाने २००४ मध्येच वर्णिले गेले.

सरासरी प्रमाण धातूचा पुरवठा सांगते. त्याचे स्थान सांगत नाही. वेजर व डिअर यांनी थरांचा क्रम लावून ठेवला नसता, तर १९६० च्या आकड्यांना व १९८७ च्या पट्ट्याला एकाच इतिहासात बसविणे दुष्कर झाले असते. नकाशा व रासायनिक पृथक्करण ही एकाच अभ्यासाची दोन अंगे आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.