तांब्यातले गाणे आणि काचेतले गाणे

गाणी अडखळू नयेत म्हणून घरी फायबर घ्यावे, की केबलचे इंटरनेट पुरेसे आहे? प्रश्न आजचा वाटतो; परंतु तारेवरून दूरचे संगीत ऐकण्याची हौस १४० वर्षांहून जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि प्रदर्शनातील श्रोत्यांच्या दोन कानांना दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे दिली. गायक रंगमंचावर सरकला की आवाजही सरके. १८९३ मध्ये बुडापेस्टला तिवादार पुश्काश यांनी ‘तेलेफोन हिरमोंदो’ सुरू केले. त्यातून वर्गणीदारांच्या घरी बातम्या येत, पुढे ऑपेराही येऊ लागला. रेडिओचे प्रसारण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

साध्या तारेतून उच्च कंप्रतेचे संकेत दूर जात नाहीत; वाटेतच विरतात. मधोमध एक तार, भोवती विद्युतरोधक आणि त्याभोवती धातूचे आवरण, अशा कोअ‍ॅक्सियल केबलचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० सालीच घेतले होते. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील डोंगराळ गावांनी तिचा घरगुती उपयोग शोधला. टेकडीवर एक उंच अँटेना उभारायचा आणि तिथून केबलने घरोघरी दूरचित्रवाणी पोचवायची.

पुढचा सारा घोटाळा या जन्मकथेत आहे. हे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे पसरले, आणि त्यात घराने फक्त घ्यायचे होते, काही परत पाठवायचे नव्हते. १९९७ मध्ये ‘डॉक्सिस’ या मानकाने त्याच केबलवर इंटरनेट आणले, तेव्हा घराकडून बाहेर जाणाऱ्या संकेतांसाठी उत्तर अमेरिकेत ५ ते ४२ मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी उरली होती. आत येणाऱ्या संकेतांना मात्र शेकडो मेगाहर्ट्झ मोकळे होते. शिवाय एका फांदीवरची सारी घरे तीच वाट वापरतात, म्हणून सायंकाळी गर्दी होते.

काचेची कथा निराळी. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मात्र त्या काळच्या काचेत किलोमीटरमागे सुमारे १,००० डेसिबेल ऱ्हास होई. म्हणजे प्रकाश उरतच नसे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे, आणि ऱ्हास २० डेसिबेलपर्यंत उतरला तरी दूरसंचार शक्य होईल. २० डेसिबेल म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एकच भाग प्रकाश शिल्लक! एवढ्यावर कुणी पैज लावावी, हेच नवल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डेसिबेल गाठले. आजच्या तंतूत हा ऱ्हास सुमारे ०.२ डेसिबेल असतो. किलोमीटरनंतरही ९५ टक्के प्रकाश उरतो.

मग कानाला फरक कळतो का? सीडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या, अर्थात सुमारे १.४ मेगाबिट मागतो. दोन्ही माध्यमांना तो चिल्लर आहे. पोचलेला बिट तांब्यातून आला की काचेतून, हे सुरांना ठाऊक नसते. ‘फायबरवर गाणे अधिक गोड लागते’ ही निव्वळ जाहिरात होय. फायबरही पुष्कळदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, हे जाहिरातीत येत नाही. खरा फरक आवाज पाठवणाऱ्याला जाणवतो. ऑनलाइन तबला शिकवणाऱ्याला किंवा दूरच्या साथीदाराबरोबर वाजवणाऱ्याला केबलची चिंचोळी परतवाट आणि प्रत्येक वेळी पाठवण्याची पाळी मागण्यात जाणारे मिलिसेकंद नडतात. अशांनी फायबरच घ्यावा. नुसत्या श्रोत्याने स्वस्त असेल ते घ्यावे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर मुंबईसारख्या शहरांत गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबली एकतर्फीच होत्या. त्यामुळे पुढे अनेक केबलवाल्यांनी इंटरनेटसाठी निराळी इथरनेटची तार ओढली. आज ‘केबलचे इंटरनेट’ म्हणून जे मिळते, ते पुष्कळ घरांत कोअ‍ॅक्सियलमधून येतच नाही; इमारतीपर्यंत फायबर असतो आणि शेवटच्या काही मीटरांपुरते तांबे. तुलना करण्यापूर्वी भिंतीतून आत येणारी तार कोणती, तेवढे पाहून घ्या.