मॅग्डाला, अ‍ॅबिसिनिया आणि नांगराचा फाळ

१८७१ पासून पुढची तीस-एक वर्षं मुंबई बंदरात दोन लोखंडी युद्धनौका उभ्या होत्या. एकीचं नाव अ‍ॅबिसिनिया, दुसरीचं मॅग्डाला. मुंबईवर चालून येणाऱ्या आरमाराला बंदराच्या तोंडाशी अडवायचं, एवढ्या एकाच कामासाठी त्या बांधून घेतलेल्या. तोफांच्या सरावापुरत्या बाहेर जायच्या आणि परत नांगरावर यायच्या. त्यांची सगळी हयात या बंदरात गेली आणि शत्रूवर एक गोळा झाडायची वेळ आली नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. कुंडल म्हटलं की लोकांना जी. डी. बापू लाड, तुफान सेना, प्रतिसरकार आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या शिवाराला लागून किर्लोस्करवाडी आहे आणि माझी नोकरी तिथल्या फौंड्रीत झाली. समुद्र आमच्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. या बोटींकडे मी वळलो तो लोखंडामुळे. आठ इंच जाडीचा पत्रा करायचा कसा आणि तो फोडायचा कसा, यावर एकोणिसाव्या शतकातल्या दोन बलाढ्य आरमारांनी चाळीस वर्षं डोकं लावलं. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून पुढे जाता येत नाही.

सुरुवात फ्रेंचांनी केली. क्रिमियाच्या युद्धात, १७ ऑक्टोबर १८५५ रोजी, नीपर नदीच्या मुखाशी किनबर्नच्या रशियन किल्ल्यासमोर त्यांनी देव्हास्तास्याँ, लाव्ह आणि तोनांत असे तीन तरंगते तोफखाने आणून उभे केले. अंगावर चार इंचांहून जाड लोखंडी पत्रे. किल्ल्यातले गोळे त्यांवर आपटून पाण्यात पडत राहिले आणि काही तासांत किल्ल्याच्या तोफा थंडावल्या. फ्रेंच नौकाबांधणीचा प्रमुख द्युप्युई द लोम याने पुढे ग्ल्वार नावाची भर समुद्रात जाणारी चिलखती नौका बांधली. १८५९ साली ती तुलाँ बंदरात पाण्यात उतरली. इंग्लंडची झोप उडाली. पुढच्याच वर्षी लंडनला टेम्सकाठी ब्लॅकवॉलच्या कारखान्यात वॉरियर पाण्यात उतरली. ग्ल्वारचं अंग लाकडाचं होतं आणि वर पत्रे ठोकलेले. वॉरियर अंगाचीच लोखंडी होती.

खोल समुद्रातली ही चढाओढ सगळ्यांना माहीत असते. मला जास्त गोडी वाटते ती किनारा राखणाऱ्या बोटींची, कारण त्यांच्यात कारागिराची कसोटी जास्त लागते. उथळ पाण्यात चालायचं म्हणजे बोट फार खोल बसून चालत नाही. चिलखत मात्र मोठ्या बोटीइतकंच जाड हवं. वजन वाढवायचं आणि बूड वर ठेवायचं, ही ओढाताण. फ्रेंचांनी १८६५ साली तोरो बांधली. तिच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली, शत्रूच्या बोटीला धडक मारायची सोंड होती. तिच्या मागून बेलिये, बुलदोग, सर्बेर आणि तिग्र या चार आल्या. एक फिरता बुरूज, त्यात दोन तोफा, आणि खरं हत्यार ती सोंडच. १८६७ साली त्यांनी अमेरिकेकडून ओनोन्दागा नावाची यादवी युद्धातली बुरूजनौका विकत घेतली. शेर्बूर, तुलाँ अशी बंदरं सांभाळायला या बोटी होत्या.

मुंबईला स्वतःचं आरमार त्या वेळी उरलं नव्हतं. कंपनीच्या काळापासूनचं ‘इंडियन नेव्ही’ १८६३ साली मोडीत काढलं आणि समुद्राची राखण राणीच्या आरमाराकडे गेली. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विलायतेला जात होता. बंदर श्रीमंत आणि दार उघडं, अशी गत. १८६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांची अलाबामा ही एकटी बोट मलबार किनाऱ्यासमोर येऊन अमेरिकन व्यापारी जहाज जाळून गेली होती. एक बोट एवढं करू शकते तर फ्रेंच किंवा रशियन तांडा काय करील, हा प्रश्न कुणाही व्यापाऱ्याला पडला असता.

मग मुंबईसाठी दोन आणि मेलबर्नसाठी एक, अशा तीन बोटींचं काम एडवर्ड रीड याच्याकडे आलं. तो ब्रिटिश आरमाराचा मुख्य रचनाकार. त्याने काय केलं, ते थोडं सावकाश सांगतो. बोटीचं अंग पाण्यावर जेमतेम तीन-साडेतीन फूट ठेवलं. मधल्या भागावर चिलखती भिंतींचा एक चौथरा उभा केला. त्या चौथऱ्याच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक फिरता बुरूज, प्रत्येकात दहा इंची दोन तोफा. धुरांडं, हवा जायच्या वाटा, खाली उतरायची दारं, सगळं त्या चौथऱ्याच्या आत. म्हणजे लाट डेकवरून गेली तरी पाणी पोटात शिरत नाही आणि शत्रूला नेम धरायला अंगच दिसत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात डोहात बसलेल्या म्हशीची नुसती पाठ आणि शिंगं दिसतात, तशी ही बोट. शिडं नाहीत. लंडनहून मुंबईपर्यंतच्या प्रवासापुरत्या मॅग्डालावर तीन डोलकाठ्या चढवल्या होत्या, त्या तात्पुरत्याच.

शिडं काढण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता, ते त्याच हंगामात कळलं. ७ सप्टेंबर १८७० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, कॅप्टन नावाची ब्रिटिश बुरूजनौका स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वाऱ्याने उलटली. बुटकं अंग, जड बुरूज आणि वर पूर्ण शिडं, असा तिचा मेळ होता. पावणेपाचशेच्या वर माणसं बुडाली. त्यांत ती बोट हट्टाने बांधायला लावणारा, फिरत्या बुरुजाचा जनक काउपर कोल्स हाही होता. रीडने त्या बोटीबद्दल आधीच शंका काढल्या होत्या. पुढच्याच महिन्यात अ‍ॅबिसिनिया पूर्ण झाली.

मॅग्डाला बांधली ब्लॅकवॉलच्या टेम्स आयर्नवर्क्सने, म्हणजे वॉरियरच्याच कारखान्याने. लांबी २२५ फूट, रुंदी ४५ फूट, वजन ३,३०० टनांच्या वर. अ‍ॅबिसिनिया डजन यांच्या कारखान्यातली, २,९०० टनांची. दोन्ही सारख्या बांधायला पैसा पुरेना म्हणून दुसरी लहान केली. तरी दोघींचा खर्च मिळून अडीच लाख पौंडांच्या घरात गेला. त्या वेळच्या दराने पंचवीस लाख रुपये.

एके काळी याच मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधत होती. त्यांची १८१७ सालची ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. लोखंडाचा जमाना आला आणि मुंबईला आपल्याच बंदराची राखण करणाऱ्या बोटी लंडनहून आणाव्या लागल्या. कारागीर कमी पडले म्हणून हे घडलं नाही. जाड पत्रा लाटणाऱ्या गिरण्या आणि कोळसा तिकडे होता, इकडे नव्हता. आणि सागवान? ते या लोखंडी बोटींतही होतंच. चिलखताच्या मागे नऊ ते अकरा इंच जाडीच्या सागवानी फळ्यांचा थर दिलेला असे, गोळ्याचा दणका त्यात जिरावा म्हणून.

ते चिलखत घडीव लोखंडाचं. मॅग्डालाच्या पाण्याच्या रेषेवर सहा ते आठ इंच, बुरुजांच्या तोंडाला दहा. एवढा जाड पत्रा एका तुकड्यात होत नसे. पातळ पत्र्यांची चळत रचायची, पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवायची आणि रुळांखालून काढून एकजीव करायची. मध्ये कुठे राख किंवा कीट अडकली की जोड कच्चा राहिला; तो वरून दिसत नाही. ज्यांनी ओतकाम केलंय त्यांना ही धास्ती ओळखीची आहे. आमच्याकडेही पंपाचा खोका वरून गुळगुळीत दिसायचा आणि मशीनवर चढल्यावर आतली पोकळी उघडी पडायची.

आता गोळा. ओतीव लोखंड, ज्याला आम्ही बीड म्हणतो, ते ठिसूळ. असल्या चिलखतावर साधा बिडाचा गोळा फुटून चुरा व्हायचा. पॅलिसर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६०च्या दशकात त्यावर तोड काढली. गोळा टोक खाली करून ओतायचा. टोकाकडचा साचा लोखंडाचा, वरच्या अंगाचा साचा वाळूचा. वितळलेला रस लोखंडी साच्याला टेकला की झपाट्याने थंड होतो आणि ते टोक पांढरं बीड बनतं, इतकं कठीण की कानस नुसती घसरते. वाळूतलं अंग हळूहळू निवतं आणि करडं, त्यामानाने मऊ राहतं. आमच्या फौंड्रीत याला चिल देणं म्हणतात. धातू तोच, फक्त निवायचा वेग वेगळा. मॅग्डालाच्या दहा इंची तोफा प्रत्येकी अठरा टनांच्या; त्यांचा गोळा १८० किलोच्या आसपासचा. अशा टोकाने तो जवळून एक फूट घडीव लोखंड भेदून जाई.

मला थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ही रीत पॅलिसरच्या साठ वर्षं आधीची आहे आणि ती तोफखान्यातली नाही. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली नांगराचा फाळ असाच ओतला: खालची बाजू चिल देऊन कठीण, वरची मऊ. मऊ बाजू आधी झिजते, म्हणून फाळाची धार जमिनीत चालता चालता आपोआप टिकते. शेतकऱ्याची गरज आधी भागली आणि तीच विद्या नंतर तोफेच्या तोंडी गेली. युद्धामुळे धंदे पुढे जातात असं सर्रास सांगतात. या बाबतीत उलटं झालं, हे मला आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

आमच्या पंचक्रोशीत तर लोखंडाने चक्क मागची वाट धरली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात विलायती बीड मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरासाठी दिल्या. त्या तोफांचा रस ओतून झालेले नांगर या मुलखात चालले आहेत.

परत बंदरात येतो. मॅग्डाला १८७० च्या नोव्हेंबरात पूर्ण झाली, तेव्हा पॅरिसला प्रशियाच्या फौजेचा वेढा पडला होता. तिसरा नेपोलियन कैदेत होता आणि फ्रेंच खलाशी बोटी सोडून पॅरिसच्या किल्ल्यांवर तोफा चालवत होते. ज्यांच्या धाकाने ही सगळी शर्यत सुरू झाली ते स्वतःच्या राजधानीसाठी लढत होते. पुढे फ्रेंच सावरले. १८७०च्या दशकात त्यांनी तोनेर, फुल्मिनां, तांपेत, व्हांजर या नव्या किनारारक्षक बोटी घेतल्या; बुटकं अंग, मध्ये चिलखती चौथरा, पुढे एक बुरूज. त्या ठेवणीत रीडच्या कामाची छाप दिसते. पण त्यांतली एकही मुंबईकडे फिरकली नाही. मुंबईत नंतर भीती राहिली ती रशियाची, विशेषतः १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदेहचं प्रकरण झालं तेव्हा.

या बोटींची नावं मला खटकतात. १८६८ साली मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर अ‍ॅबिसिनियावर चालून गेला. मुंबईहून शिपाई गेले, खेचरं गेली, तोफा वाहायला हत्तीसुद्धा गेले. १३ एप्रिलला मॅग्डालाचा डोंगरी किल्ला पडला, राजा तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि किल्ला जाळला गेला. त्या मोहिमेतल्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिला गेला. दुसऱ्याच्या देशावर चालून जायला आपला पैसा आणि माणसं, आणि मग त्या विजयाची नावं आपल्या बंदरातल्या बोटींवर. त्या बोटी बंदरात येऊन पाच-सहा वर्षं झाली, तोच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. आमच्या भागातले तासगाव-खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ही माणदेशाला लागलेली कोरडवाहू बाजू. दुष्काळी कामावर सरकारच्या रिचर्ड टेंपलसाहेबाने मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे ठरवले. एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगत नाही, असं पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला लिहून कळवलं. बंदराची राखण हवीच होती, हे मी मानतो. पण पंचवीस लाखांचं चिलखत एका बाजूला आणि एक रतल धान्य दुसऱ्या बाजूला ठेवलं, की राज्य कुणाची राखण करत होतं, ते स्पष्ट दिसतं.

बोटी मात्र फार लवकर म्हाताऱ्या झाल्या. पोलादी चिलखत आलं, मागून भरायच्या तोफा आल्या, पाणतीर सोडणाऱ्या वेगवान बोटी आल्या. १८९२ साली त्यांच्या तोंडाकडून भरायच्या तोफा काढून आठ इंची नव्या बसवल्या. चिलखत बदलणं शक्य नव्हतं. १९०३च्या सुमारास दोन्ही भंगारात निघाल्या.

मेलबर्नला गेलेली तिसरी बोट, सर्बेरस, अजून आहे. मॅग्डालाची ती जवळजवळ जुळी, लांबी-रुंदी तीच. १९२६ साली हाफ मून बे इथे लाटा अडवायला तिला उथळ पाण्यात बुडवून ठेवली. १९९३ च्या डिसेंबरात तिचं खालचं अंग खचलं, म्हणून वरचं वजन कमी करायला २००५ साली तिच्या चारही तोफा उचलून शेजारी समुद्रतळावर ठेवल्या. बुरूज अजून जागेवर आहेत. मुंबई बंदरात काय उभं होतं ते कुणाला डोळ्यांनी पाहायचं असेल तर तिथे जावं, आणि पत्र्याची कड कुठे उघडी पडली असेल तर ती निरखून बघावी. चळतीचे थर गंजताना सुटे होतात आणि पत्रा तुकड्यातुकड्यांचा केला होता, ते दिसतं.