बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया

बांधकाम कंत्राटदारांची अखिल भारतीय संघटना. स्थापना १९४१, पुण्यातील ‘एमईएस’ची म्हणजे लष्करी बांधकामे घेणाऱ्या कंत्राटदारांच्या पुढाकाराने, मुख्यालय मुंबई. निविदेतील एकतर्फी अटी, थकलेली बिले हे तिचे रोजचे विषय. नाव मात्र गाजले कोर्टकचेरीमुळे. कंत्राटी कामातील मालावर विक्रीकर लावण्याची वाट मोकळी करणाऱ्या ४६व्या घटनादुरुस्तीला तिने आव्हान दिले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली, पण हा कर लावताना राज्यांना राज्यघटनेच्या कलम २८६ची बंधने पाळावीच लागतील, असे बजावले. म्हणजे हार पुरती नव्हती. सिमेंट कंपन्या संगनमताने भाव चढवतात, या तिच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द झाला. फेरसुनावणीनंतर २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला.