टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या

मुंबईच्या कोट विभागात, हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेस, पश्चिमाभिमुख अशी एक भव्य श्वेत वास्तू उभी आहे. रस्त्यावरून तिच्या प्रवेशद्वारी पोहोचण्यास तीस दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. इंग्रजी अमदानीत ती 'टाऊन हॉल' या नावाने प्रसिद्ध झाली. आज 'एशियाटिक' म्हणूनच तिचा लौकिक अधिक आहे. नगरसभेसाठी बांधलेल्या वास्तूस एका ग्रंथालयाचे नाव चिकटावे, ही घटना ग्रंथप्रेमी मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

या वास्तूच्या कल्पनेचे मूळ ग्रंथांतच सापडते. मुंबईचे न्यायाधीश (रेकॉर्डर) सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन केली. विद्याव्यासंगास योग्य जागा हवी आणि शहरासही एक सभागृह हवे, अशी दुहेरी निकड त्यांच्यासारख्यांना जाणवत होती. आरंभी सोडतीच्या मार्गाने निधी उभारण्याचा प्रयत्न झाला. परंतु योजलेल्या वास्तूच्या मानाने तो अगदीच अपुरा ठरला. अखेर कंपनी सरकारने भार उचलला आणि त्या मोबदल्यात आपल्या कचेऱ्यांसाठी जागा मिळविली. १८२१ मध्ये सुरू झालेले काम १८३३ मध्ये पूर्णत्वास गेले. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सचे कर्नल टॉमस कूपर यांचा. मात्र पूर्ण झालेली वास्तू पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

वास्तूची शैली प्राचीन ग्रीक धर्तीची आहे. दर्शनी भागात पन्हळीदार, धिप्पाड असे आठ डोरिक स्तंभ असून त्यांवर त्रिकोणी शिरोभाग पेललेला आहे. इमारतीची लांबी सुमारे २६० फूट आहे. बाहेरील डोरिक पद्धतीचा साधा, भारदस्त थाट आत गेल्यावर बदलतो आणि मुख्य सभागृहात नक्षीदार शीर्षांचे कोरिंथियन स्तंभ दिसू लागतात. हे सभागृह सुमारे १०० फूट लांब व तितकेच रुंद आहे. स्तंभांसाठी लागणारा दगड इंग्लंडहून जहाजाने आणविला गेला. तो येथे उतरविल्यावर ठरल्यापेक्षा फारच मोठा निघाला व त्यातील काही भाग भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चकडे गेला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

पुढे या वास्तूने शहराचे अनेक प्रसंग पाहिले. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे आरंभीचे वर्ग १८३६ मध्ये येथेच भरले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनीची सत्ता संपून राणीची सत्ता सुरू झाल्याचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा कारभारही प्रथम येथूनच चाले. दरबार, मेजवान्या, निरोपसमारंभ यांची तर गणतीच नाही.

तथापि या पायऱ्या चढण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. १८०४ च्या संस्थेचे पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत रूपांतर झाले आणि ती टाऊन हॉलमध्ये आली, तेव्हा तिचे सभासदत्व केवळ युरोपियनांपुरते मर्यादित होते. ज्या देशाच्या भाषा, नाणी व शिलालेख यांचा अभ्यास चालावयाचा, त्या देशाच्या माणसासच तेथे स्थान नव्हते. १८४० मध्ये माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश मिळाला व ही भिंत प्रथम ढासळली. रत्नागिरीस १८२८ मध्येच वाचनालय निघाले होते, आणि नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही या १८४० सालचेच. राजधानीतील ग्रंथालयाचे दार एतद्देशीयांस किलकिले होत असताना मराठी गावे आपापली दारे स्वतःच उघडीत होती.

एकदा दार उघडल्यावर मराठी विद्वानांनी त्या संधीचे सोने केले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचे शिलालेख व ताम्रपटांवरील लेख सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्यकीचा व्याप सांभाळून प्राचीन लेखांचे वाचन केले व ते सोसायटीचे उपाध्यक्ष झाले. विश्वनाथ नारायण मंडलिक आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे संशोधन याच व्यासपीठावरून जगापुढे गेले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पहिल्या भारतीय सभासदापासून पहिल्या भारतीय अध्यक्षापर्यंत पोहोचण्यास बावन्न वर्षे लागली.

हा बदल वास्तूतील पुतळ्यांतही वाचता येतो. एल्फिन्स्टन व माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे सर फ्रान्सिस चँट्री या नामांकित इंग्रज शिल्पकाराने घडविले. त्या सत्ताधीशांच्या सान्निध्यात नाना जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा विराजमान झाला. शाळा, महाविद्यालये, रेल्वे अशा प्रत्येक लोकहिताच्या कार्यास हातभार लावणाऱ्या या मराठी नागरिकाने ते स्थान कर्तृत्वाने मिळविले होते.

आज येथे लाखाहून अधिक ग्रंथ व सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत. दान्तेच्या महाकाव्याची एक प्राचीन हस्तलिखित प्रतही त्यांत आहे. मुसोलिनीने तिच्यासाठी देऊ केलेली मोठी रक्कम सोसायटीने नाकारली, असे सांगतात. १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेले बुद्धाचे अवशेषपात्रही सोसायटीच्या संग्रही आले. स्वातंत्र्योत्तर काळात याच वास्तूत राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय वसले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांपैकी हे एक आहे. म्हणजे इंदूरला, बेळगावला वा पणजीला छापलेल्या मराठी पुस्तकासही या छपराखाली हक्काची जागा आहे.

सरकारी दरबार संपले, जाहीरनामे जुने झाले, गव्हर्नरांचे पुतळे इतिहासाच्या स्वाधीन झाले. अखंड चालू राहिले ते वाचन. ज्या पायऱ्या एके काळी येथील माणसास परक्या होत्या, त्यांवर आज विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून बसतात आणि मग आत जाऊन टेबलाशी आपली जागा धरतात. वास्तू दगडाने उभी राहते हे खरे. पण ती टिकते ती तिच्या दारातून आत येणाऱ्या वाचकांमुळे. शतकाची वाटचाल केलेल्या कोणत्याही वाचनालयास याहून वेगळा पुरावा देण्याची गरज भासू नये.